पहाटेचा चहा कोण करणार?

बुकिंगच्या ॲपमध्ये अगदी वरती एक रकाना असतो: प्रौढ किती, मुलं किती. आम्ही भरलं, प्रौढ ८, मुलं ३. ॲपनं क्षणात ढीगभर ठिकाणं समोर टाकली. सगळीकडे पांढरेशुभ्र डोंगर, लाकडी छतं आणि पेटलेली शेकोटी.

ॲपच्या दृष्टीनं आठ प्रौढ म्हणजे आठ सारखीच माणसं. प्रत्येकाला एक गादी आणि एक टॉवेल दिला की काम झालं. प्रत्यक्षात आमचे आठ असे होते: साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. बाबा ६८ वर्षांचे, डावा गुडघा कुरकुरणारा. आई ६३ची, माळकरी घरातली, पक्की शाकाहारी. बंगळुरूहून आलेले दीर आणि जाऊ, सोबत दोन वर्षांचं पोर. आमच्याच बिल्डिंगमधली मैत्रीण, तिचा नवरा आणि दहा वर्षांचा मुलगा. आणि मी, नवरा, सहा वर्षांची लेक. आम्ही टोकियोच्या निशिकासाईत राहतो. इथे तूरडाळ, कढीपत्ता, मसाले सगळं हाताशी मिळतं, त्यामुळे "जपानमध्ये खायचं काय" हा प्रश्न आम्हाला रोज पडत नाही. तो पडतो बाहेर मुक्कामाला गेल्यावर.

या अकरा जणांत स्की येणारे तीन. शिकायची हौस असलेले तीन, त्यात मी. उरलेले पाच जण फक्त बर्फ बघायला येणार होते. म्हणजे सहल स्कीची, आणि जवळपास निम्म्या लोकांचा स्कीशी संबंध नाही. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा चालली होती ती लिफ्ट किती जवळ, उतार किती लांब, पावडर कुठली भारी याचीच.

माझं म्हणणं एवढंच होतं: स्की करणाऱ्याला घर रात्री लागतं, न करणाऱ्याला दिवसभर लागतं. मग घर कुणाकडे बघून निवडायचं?

चार नावं, चार तऱ्हा

जपानमध्ये स्कीला जायचं म्हटलं की चार नावं हमखास पुढे येतात.

पहिलं निसेको. होक्काइडो बेटावर, समोर योतेई नावाचा १८९८ मीटर उंचीचा ज्वालामुखी, आणि सायबेरियावरून समुद्र ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांनी टाकलेला भुसभुशीत हलका बर्फ. ऑस्ट्रेलियन लोकांनी हे गाव डोक्यावर घेतलंय, त्यामुळे इंग्रजी चालतं आणि तीन-चार बेडरूमचे मोठाले अपार्टमेंट मिळतात. गटासाठी सोयीचं. पण टोकियोहून अकरा जणांची विमानाची तिकिटं, वर विमानतळापासून बसचे दोन-अडीच तास. दोन वर्षांच्या पोराच्या आईनं पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. विषय संपला.

दुसरं युझावा. टोकियोहून शिंकानसेननं सव्वा तासाच्या आसपास. हिवाळ्यात तर एक गाडी थेट गाला युझावा स्टेशनात जाते आणि त्याच इमारतीतून गोंडोला वर चढतो. कावाबाताची 'युकिगुनी' ही कादंबरी याच गावात घडते. पण आज स्टेशनातून बाहेर पडल्यावर डोळ्यांत भरतात ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, जपानकडे पैसा उतू जात असताना बांधलेले उंचच उंच टॉवर. त्यांना 'रिसॉर्ट मॅन्शन' म्हणतात. टोकियोच्या लोकांनी स्कीच्या वेडापायी हे फ्लॅट घेतले, मग ते वेड ओसरलं आणि फ्लॅटच्या किमती पार तळाला गेल्या. दरमहा देखभालखर्च मात्र सुटत नाही. असे फ्लॅट राहायला मिळतात, खाली सार्वजनिक हमामही असतो. मैत्रिणीचं मत इथे होतं. अडचण एवढीच, की अकरा जणांना तीन वेगवेगळ्या मजल्यांवर तीन छोटे फ्लॅट मिळत होते. रात्री एकत्र बसायला जागाच नाही.

तिसरं हाकुबा. १९९८च्या नागानो ऑलिम्पिकमुळे जगाला माहीत झालेलं. हाकुबा म्हणजे एक रिसॉर्ट नाही, ते अख्खं खोरं आहे. डोंगराच्या कडेनं अनेक स्की-मैदानं आणि त्यांच्यामध्ये झाडीत पसरलेले लाकडी बंगले, म्हणजे शॅले. पाच खोल्या, मोठं किचन, लांबलचक जेवणाचं टेबल. ग्रुपवर फोटो पडला आणि बदाम-बदाम झाले.

चौथं नोझावा ओन्सेन. गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव. इथल्या गावकऱ्यांनी १९२३ मध्येच स्की क्लब काढला होता. जपानमध्ये स्की शिकवायला सुरुवात झाली ती १९११ साली, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लेर्ख नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं, शेजारच्या निइगाता प्रांतातल्या ताकादाला. त्यानंतर बाराच वर्षांनी. नोझावामध्ये मोठी हॉटेलं थोडी, आणि घरगुती खानावळीसारखी चालणारी मुक्कामाची घरं बरीच. त्यांना मिन्शुकु म्हणतात.

बाबांचे चार प्रश्न

हे सगळं मी बाबांना दाखवत होते. बाबांनी कधी स्की पाहिलेलं नाही, पण गावाकडच्या किमान पन्नास लग्नांत जानवसघराची व्यवस्था त्यांनी लावली आहे. नवऱ्याकडचं अख्खं वऱ्हाड कुठे उतरवायचं, हा विषय त्यांचा हातखंडा. शेकोटीचे फोटो त्यांनी अंगठ्यानं वर सरकवले आणि विचारलं,

"संडास किती?"

शॅलेत दोन. अकरा माणसं, सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू होणार.

"गरम पाणी एकदम किती जणांना पुरतं?"

माहिती दिलेली नव्हती.

"म्हाताऱ्यांना जिना चढायला लागतो का?"

फोटोत झोपायच्या खोल्या सगळ्या वर दिसत होत्या.

"आणि पहाटेचा चहा कोण करणार?"

मी हसले. पण नंतर कळलं की या चार प्रश्नांत सगळं येतं. कुठल्याही गटासाठी, कुठल्याही देशात. पहिल्या तिघांची उत्तरं मालकाला ईमेल केला की मिळतात. चौथ्याचं उत्तर मालकाकडे नसतं, ते आपल्याच ग्रुपमध्ये शोधावं लागतं.

काकू आहेतच

ग्रुपवर दिरानं लिहिलं, "शॅले बेस्ट! किचन आहे, बाहेर खायचा खर्च वाचेल. आणि काकू आहेतच."

काकू म्हणजे माझी आई. दीर मनानं वाईट नाही. आईच्या हातची आमटी त्याला खरोखर आवडते आणि ते वाक्य त्यानं कौतुकानंच लिहिलं होतं. त्या मेसेजला पहिला अंगठा आला तो आईचाच.

नवऱ्यानं एक्सेल शीट केली होती. भाडं, प्रवास, लिफ्टचा पास, भाड्याचं सामान, खाणं. शॅलेत माणशी खर्च कमी येत होता. मिन्शुकुत रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून माणशी दहा हजार येनच्या वर जात होतं. जपानमध्ये अशा ठिकाणी भाडं खोलीचं नसतं, डोक्यावर असतं, हे लक्षात ठेवा. दोन जेवणांसह, फक्त नाश्त्यासह, की नुसतं झोपण्यापुरतं, असे तीन दर असतात. लहान मूल वेगळी गादी आणि जेवण घेणार नसेल तर बहुतेकदा दर बराच कमी होतो.

मी त्या शीटमध्ये एक रकाना वाढवला: 'कोण करणार'. चार रात्री, चार नाश्ते, चार जेवणं, अकरा माणसं. अठ्ठ्याऐंशी ताटं. शिवाय भांडी, ओटा, जपानी पद्धतीनं वेगवेगळा करायचा कचरा, आणि किराणा. हाकुबाच्या त्या शॅलेपासून सुपरमार्केट लांब होतं. गाडी भाड्यानं घेतली तर हिवाळ्यात तिला बर्फाचे टायर असतात, पण बर्फावर गाडी चालवलेला आमच्यात एकही जण नव्हता. म्हणजे स्की करणारे दिवसभर डोंगरावर, आणि घरी आई, जाऊ, मैत्रीण, गुडघेदुखीवाले बाबा, एक रांगतं-पळतं पोर आणि संध्याकाळचा स्वयंपाक.

आई पहिल्यांदा बर्फ बघणार होती. बहुधा शेवटचंही. तो तिनं किचनच्या खिडकीतून बघावा, हे मला मान्य नव्हतं.

तसं मी तिला सांगितलं तर ती उखडली. "मला किचन नको असं मी कधी म्हटलं? तिथं मी खाणार काय? तुमच्या त्या सूपात मासा असतो."

तिचं बरोबर होतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि बहुतेक दाशी सुकवलेल्या माशापासून करतात. मासा ताटात दिसत नाही, पण मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाज्यांमध्ये, टेम्पुराच्या चटणीत तो असतो. "मांस नको, मासे नकोत" एवढं सांगून भागत नाही. आणि किचन काढून घेतलं की आईच्या हातून फक्त काम जात नाही, पोट भरायची खात्रीही जाते. शिवाय परक्या देशात, जिथे तिला दुकानाची पाटीही वाचता येत नाही, तिथे ती ज्यात सगळ्यांपेक्षा हुशार आहे अशी एकच जागा जाते.

त्यामुळे प्रश्न 'किचन की जेवणासह' एवढा सरळ नव्हता. आईला किचन हवं होतं, किचनची नोकरी नको होती. ती वेगळी असते हे आईनं स्वतः कधी बोलून दाखवलं नसतं.

एक फोन

नोझावाच्या एका मिन्शुकुला मी फोन केला. ईमेल नाही, फोन. माझी जपानी कामचलाऊ आहे, पण काही गोष्टी फॉर्ममध्ये मावत नाहीत. फोनवर घरमालकीण होती. अशा घरांच्या मालकिणीला ओकामी म्हणतात.

मी एकेक विचारत गेले. तळमजल्यावर खोली आहे का? आहे. गुडघ्याचा त्रास असलेला माणूस जमिनीवरच्या गादीवरून उठू शकेल का? तिनंच उपाय सांगितला: फुतोन एकावर एक तीन घालू, आणि जेवायला खुर्ची देऊ. बस थांबते तिथपासून चढ आहे का? थोडा आहे, मी गाडी घेऊन येते. आणि जेवण?

दाशीचं ऐकल्यावर ती थांबली. मग विचारलं, कोम्बु चालेल का? कोम्बु म्हणजे समुद्रातली वनस्पती, तिचीही दाशी होते. चालेल. शिताके मशरूम? चालेल. अंडं? नाही. कांदा-लसूण? घरी चालतं, पण मंगळवारी एकादशी आहे. एकादशी जपानीत कशी सांगायची ते मला आजही कळलेलं नाही. "त्या दिवशी भात नको, बटाटा चालेल," एवढं सांगितलं. तिनं शांतपणे "हाय, हाय" करत लिहून घेतलं.

शेवटी मी विचारलं, माझ्या आईला पहाटे पाचला चहा लागतो. जेवणघरात ती स्वतः करू शकेल का? ओकामी म्हणाली, गॅस मी दाखवते, दूध फ्रीजमध्ये ठेवते.

ग्रुपवर मी शीट टाकली. फरक किती येतो, आणि त्या फरकात अठ्ठ्याऐंशी ताटांतली किती जातात. दोन रात्री पूर्ण जेवण, दोन रात्री गावात बाहेर, असा मध्य काढला. मैत्रिणीनं लगेच होकार दिला. जाऊबाईनं वेगळा मेसेज केला, फक्त मला: "थँक्स ताई. शॅलेत दुसरा नंबर माझाच होता."

गाव

जानेवारीच्या अखेरीस मधले वार बघून, मुलांची शाळा तीन दिवस बुडवून निघालो. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी-फेब्रुवारीतले जोडून सुट्टीचे शनिवार-रविवार टाळले की भाडंही उतरतं आणि लिफ्टची रांगही. मोठ्या बॅगा दोन दिवस आधी कुरियरनं पुढे पाठवल्या. जपानमध्ये ही सोय फार चांगली आहे, पण घरी बॅगा घ्यायला कुणीतरी लागतं. मिन्शुकुत माणूस असतो, रिकाम्या शॅलेत नसतो. शिंकानसेननं इइयामा, तिथून बसनं पंचवीस मिनिटं.

खोल्या तीन, पण मधले सरकते दरवाजे काढले की एकच लांब दालन. त्यात रात्री ओळीनं फुतोन पडले. आई म्हणाली, "हे तर लग्नघर झालं." मुलं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळत गेली. घोरणाऱ्यांना एकत्र भिंतीकडे टाकलं. पलंग मोजून खोल्या घेतल्या असत्या तर पाच बंद दारं मिळाली असती. एकांत हवा असेल तर तेच घ्यावं. आम्ही अकरा जण वर्षातून एकदा भेटतो, आम्हाला दालन हवं होतं.

पहिल्या रात्री कोम्बुच्या दाशीत शिजवलेला मुळा, टोफू, भाज्यांचा टेम्पुरा आणि वाफाळता भात आला. इथला भात मऊ आणि किंचित चिकट, आपल्या इंद्रायणीच्या जवळचा. आईनं पिशवीतून मेतकूट आणि तुपाची बाटली काढली. मग माझ्या लेकीनं मागितलं, मग दिरानं, मग मैत्रिणीच्या मुलानं, आणि ताटातला टेम्पुरा सोडून सगळं टेबल मेतकूट-भात खाऊ लागलं.

स्की न करणाऱ्यांचे दिवस कसे गेले, ते सांगायलाच हवं, कारण निवड त्यांच्यासाठी होती. नोझावामध्ये तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. गावकऱ्यांचे गटच ती झाडूनपुसून सांभाळतात. बाहेरच्यांनाही मोफत, दारात दानपेटी. कपडे सगळे काढून उतरायचं, बायका-पुरुष वेगळे. बाबांना काहीच वाटलं नाही, तालमीत वाढलेला माणूस. ओयु नावाच्या मोठ्या स्नानगृहात कमी आणि जास्त गरम अशी दोन कुंडं आहेत. ते पहिल्या दिवशी कमी गरममध्ये बसले, तिसऱ्या दिवशी जास्त गरममध्ये, आणि गुडघ्याबद्दल दोन दिवस काही बोलले नाहीत. आई तिथे गेली नाही ती नाहीच. मिन्शुकुतल्या छोट्या स्नानघराला आतून कडी लावता येत होती. तिथे ती आणि माझी लेक रोज तासभर असायच्या. बुकिंग करताना खासगी वापराचं स्नानघर आहे का, हे आपल्या आया-मावशांसाठी जरूर विचारा.

गावाच्या वरच्या अंगाला ओगामा नावाची उकळती कुंडं आहेत. पाणी ९० अंशांच्या आसपास. आत जायची परवानगी फक्त गावकऱ्यांना, ते तिथे भाज्या आणि अंडी उकडतात. आई कठड्याबाहेर उभी राहून बघत होती. आतल्या एका आजींनी जाळीतून पालेभाजीची जुडी उचलली. आई मला म्हणाली, "जास्त शिजवली." तिनं ते मराठीत सांगितलं आणि मी भाषांतर केलं नाही.

गैरसोयही होती. गल्ल्या उताराच्या, सकाळी काचेसारख्या निसरड्या. बुटांना बांधायचे काटे घेतले, तरी बाबा एकटे बाहेर पडू शकत नव्हते. मैदानाच्या पायथ्याशी न्यायला सरकता रस्ता आहे, पण तिथवर चालावं लागतंच. भिंती पातळ. मोरीवरून रात्री जायचं तर पॅसेज गारठलेला. लिफ्टपाशीच उतरायचं असेल तर हे गाव नव्हे.

ती कधी बसते?

तिसऱ्या दिवशी पहाटे आईचा चहा झाला तेव्हा ओकामी आधीच उठलेली होती. रात्री आमची शेवटची ताटं तिनंच उचलली होती. आई तिच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही बाई बसते कधी?"

मी विचारलं. ओकामी ७१ वर्षांची. पूर्वी नवरा स्वयंपाक करायचा, तो गेल्यापासून ती एकटी, गर्दीत एक मदतनीस. या डोंगराळ भागात शेतावर बर्फ पडला की हिवाळ्यात उत्पन्न नसायचं. स्कीवाले यायला लागले तशी लोकांनी घरातल्या खोल्या द्यायला सुरुवात केली, आणि मिन्शुकु ही पद्धत रुळली. मुलं शहरात गेली. तिचा मुलगा टोकियोत ऑफिसात आहे.

आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "म्हणजे काकू इथंही आहेतच. फक्त आपल्या नाहीत."

याला माझ्याकडे उत्तर नाही. पैसे देऊन घेतलेलं काम आणि गृहीत धरलेलं काम यात फरक आहे, तो मला मोठा वाटतो. ओकामीला दर ठरवता येतो, नाही म्हणता येतं. पण अठ्ठ्याऐंशी ताटं हवेत विरत नाहीत. ती कुणीतरी धुतं. घर निवडताना आपण ते कोण, एवढंच ठरवतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर दीर उठला आणि ताटं रचून आत नेऊ लागला. ओकामीनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं ट्रे पुढे केला.

निघताना तिनं सांगितलं, पुढच्या हंगामापासून रात्रीचं जेवण बंद, फक्त नाश्ता. तिच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांनी तेच केलंय. मी ते ग्रुपवर टाकलं. पुढच्या वर्षी कुठे, याची चर्चा अजून चालू आहे. बाबांचे चार प्रश्न पिन करून ठेवले आहेत. चौथ्याखाली दिरानं लिहिलंय: "दोन रात्री मी. खिचडी जमते."

साताऱ्याहून आईचा व्हॉइस मेसेज आला, "डाळ आधी भिजत घाल म्हणावं."